शेवटचा थिरथिरा कुणी पाहिला?

मार्च उलटला की गावोगावच्या पक्षिमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थंडीच्या पाहुण्यांबद्दल एक प्रश्न हमखास येतो. "थिरथिरा कुणाला दिसतोय का अजून?" कुणी कळवतं, "काल संध्याकाळी गच्चीच्या कठड्यावर होता." कुणी म्हणतं, "आमच्याकडचा होळीपासून दिसला नाही." कुणी अंधूकसा फोटो टाकून खाली लिहितं, "आयडी प्लीज." मग करड्या धोब्याची चौकशी होते, माळभिंगऱ्यांची होते, तळ्यावरच्या थापट्या बदकांची होते. चार-आठ दिवस हे चालतं आणि ऊन तापलं की ग्रुप शांत होतो.

पक्षिनिरीक्षणाच्या सगळ्या वर्षात मला हे दिवस सर्वांत मोलाचे वाटतात. आपल्याकडच्या वसंतात पक्ष्यांबद्दल जी माहिती मिळू शकते, ती एकट्या माणसाला कितीही हुशार असला तरी मिळवता येत नाही. ती चौघांनी मिळूनच मिळवावी लागते.

युरोपात तसं नाही. तिथे वसंत म्हणजे आगमन. आफ्रिकेत हिवाळा काढून पाकोळ्या परततात, कुक्कू ओरडू लागतो, नाइटिंगेल गाऊ लागतो, आणि ज्याच्या कानावर ती पहिली हाक पडते त्याने तारीख लिहून ठेवली की झालं. इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ मध्ये अशा तारखा टिपायला सुरुवात केली. पहिली माळभिंगरी, पहिला कुक्कू, झाडांची पहिली पालवी, बेडकांचं पहिलं डरावणं. त्याच्या मागे त्याच्या वंशजांनी ही वही १९५८ पर्यंत चालू ठेवली. दोनशे वर्षांहून जास्त काळ एका घराण्याने वसंताची हजेरी घेतली, आणि आज हवामानबदलाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ ती वही उघडून बसतात. अमेरिकेत १८८१ मध्ये वेल्स कुक या शिक्षकाने मिसिसिपी खोऱ्यातल्या ओळखीच्या लोकांकडून पक्षी कधी येतात हे मागवायला सुरुवात केली. त्यातून पुढे देशभराचं जाळं उभं राहिलं, आणि ते १९७० मध्ये थांबलं तोवर हाताने लिहिलेली सुमारे साठ लाख कार्डं जमली होती.

महाराष्ट्रात फाल्गुन-चैत्र हा निरोपाचा हंगाम. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून आलेले पाहुणे या दोन-अडीच महिन्यांत परत जातात. थिरथिरा हिमालय, तिबेट आणि मध्य आशियाच्या खडकाळ मुलखात जातो, पट्टकादंब हिमालय ओलांडून तिबेटच्या पठारावर, थापट्या आणि तलवार बदकं त्याहूनही उत्तरेला. स्थानिक पक्ष्यांची मात्र याच वेळी धांदल उडते. तांबट भर उन्हात टुक्-टुक् करत असतो, कोकीळ पहाटेपासून ओरडतो, दयाळ तारेवर बसून गातो. आपल्याकडे ज्याची वाट पाहावी असं आगमन खरं तर वसंत सरल्यावर होतं. मेच्या अखेरीस नवरंग आणि कोकणातला तिबोटी खंड्या येतात, आणि पावसाच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेतून चातक येतो.

आगमन आणि निरोप यांच्या नोंदीत मोठा फरक आहे. पहिला चातक दिसला की दिसला. तो क्षण पाहणाऱ्याला कळतो, तो लगेच फोन काढतो, बातमी पसरते. शेवटच्या थिरथिऱ्याचं तसं नसतं. तो दिसतो तेव्हा तो शेवटचा आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. तो नेहमीसारखाच कठड्यावर येतो, शेपूट थरथरवतो, किडा टिपतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी येत नाही. त्या दिवशी तुम्ही बघायलाच गेला नसाल तर? गेलात, पण तो पलीकडच्या वाड्यात असेल तर? आठवडा गेल्यावर मन सांगतं की गेला बहुतेक. पण तारीख हातातून निसटलेली असते.

म्हणून निरोपाची तारीख काढायला "दिसला" याच्या बरोबरीने "गेलो होतो, पाहिलं, दिसला नाही" अशीही नोंद लागते. ही दुसरी नोंद कुणी कळवत नाही. न दिसलेल्या पक्ष्याचा फोटो निघत नाही आणि त्यावर कुणी अंगठाही उमटवत नाही. ग्रुपवर येतात ते दुर्मीळ पक्षी आणि लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेले पक्षी. नेहमीचा धोबी आज नव्हता, ही बातमी वाटतच नाही. माझ्या मते आपल्या स्थानिक गटांतली सगळ्यांत मोठी उणीव हीच आहे आणि ती भरून काढणं सगळ्यांत सोपंही आहे.

तिचा उपाय म्हणजे पूर्ण यादी. सकाळी अर्धा-पाऊण तास फिरायचं आणि ओळखता आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा. कावळा, पारवा, साळुंकी, सगळे. कुठे, किती वाजता, किती वेळ, किती अंतर, हेही लिहायचं. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन संस्था यांनी २००२ मध्ये ईबर्ड हे पक्षिनोंदींचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथे यादी भरताना शेवटी विचारतात: ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही या यादीत लिहिले आहेत का? या एका "हो"ला फार किंमत आहे. "हो" म्हटलं की यादीत नसलेला प्रत्येक पक्षी हाही पुरावा होतो. ज्या यादीत कावळा आहे, साळुंकी आहे, दयाळ आहे, पण थिरथिरा नाही, ती यादी सांगते की माणूस तिथे होता, डोळे उघडे होते आणि थिरथिरा दिसला नाही.

अशा याद्या पुष्कळ झाल्या की हिशेब मांडता येतो. समजा, फेब्रुवारीत एका तालुक्यातून ४० याद्या आल्या आणि त्यांतल्या २० याद्यांत थिरथिरा आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ऊन वाढलं, परीक्षा आल्या, लोक बाहेर पडेनासे झाले. १० याद्या आल्या आणि ५ याद्यांत थिरथिरा आहे. नुसत्या नोंदी मोजल्या तर वीसावरून पाचावर आल्या, म्हणजे बहुतेक पक्षी निघून गेले असं वाटेल. प्रमाण काढलं तर तेव्हाही निम्मं, आताही निम्मं. पक्षी जागच्या जागी आहेत. कमी झाली ती पाहणारी माणसं. पुढच्या आठवड्यात १० याद्यांपैकी एकाच यादीत तो आला, त्यानंतर एकाही यादीत नाही, की समजायचं आता गेला. ईबर्डवर एखाद्या जिल्ह्याचा वर्षभराचा आलेख पाहिला तर प्रत्येक महिन्याचे चार भाग केलेले दिसतात, आणि त्या भागातल्या किती टक्के याद्यांत पक्षी आहे त्यानुसार पट्टी जाड-बारीक होते. मार्चअखेर जाड असलेली पट्टी एप्रिलमध्ये निमुळती होत होत संपते. तो निमुळता भाग एकट्याच्या वहीत कधीच उमटत नाही.

आपल्याकडे दोन मोठ्या सामूहिक गणना या हंगामाच्या दोन टोकांना येतात. फेब्रुवारीत चार दिवसांची 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असते. अमेरिकेत ती १९९८ मध्ये सुरू झाली आणि २०१३ पासून भारतातले लोक तीत भाग घेऊ लागले. मे महिन्यात 'ग्लोबल बिग डे' येतो. पहिल्या गणनेत पाहुणे भरलेले असतात, दुसरीत जवळजवळ सगळे गेलेले असतात. मधला मार्च-एप्रिल मात्र बऱ्याच जिल्ह्यांत ओस पडतो, आणि सगळी घडामोड नेमकी तेव्हाच होते. एखाद्या गावात चार-पाचच पक्षिमित्र असतील तर त्यांनी वार वाटून घ्यावेत असं मी आवर्जून सांगतो. एकाने सोमवारी नदीकाठ पाहावा, दुसऱ्याने बुधवारी माळ, तिसऱ्याने शनिवारी तळं. जागा त्याच, वेळ साधारण तीच, आणि हे एप्रिल संपेपर्यंत. अशा नोंदींमधून जे कळतं ते भारी कॅमेरा घेऊन नव्या नव्या ठिकाणी फिरून कळत नाही.

पळसमैनेचा निरोप मात्र डोळ्यांना दिसत जातो. तिला कुणी भोरडी म्हणतं, कुणी गुलाबी मैना. जुलै-ऑगस्टपासून तिचे थवे मध्य आशियातून आणि पूर्व युरोपातून यायला लागतात. थंडीत ज्वारीच्या कणसांवर त्या तुटून पडतात आणि शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर उभा राहतो. फाल्गुनात पळस, पांगारा आणि सावर फुलली की थवे शेतातून झाडांकडे वळतात. अशा वेळी दुर्बिणीतून एकच नर धरून पाहावा. हिवाळ्यात त्याच्या पिसांच्या कडा मातकट असतात, त्यामुळे गुलाबी अंग मळकं दिसतं आणि काळं डोकं फिकट वाटतं. वसंतात त्याला नवी पिसं येत नाहीत. जुन्याच पिसांच्या त्या मातकट कडा झिजून जातात आणि आत दडलेला रंग उघडा पडतो. फेब्रुवारीतला नर आणि एप्रिलमधला नर एकच पक्षी आहे यावर विश्वास बसू नये इतका गुलाबी उजळतो, काळा चमकतो, डोक्यावरची शेंडी उठून दिसते. पळसाच्या फुलात चोच घातल्याने कपाळावर कधी पिवळी पराग-पूड बसलेली असते. नोंदीत "पळसमैना, सुमारे दोनशे" एवढंच लिहिण्यापेक्षा "नर पूर्ण रंगात, पांगाऱ्यावर" असे चार शब्द जास्त लिहिले तर वाचणाऱ्याला थवा निघायच्या बेतात आहे हे समजतं. एप्रिलच्या मध्याला थवे विरळ होतात. त्यांची वीण मध्य आशियातल्या गवताळ मुलखात, टोळ आणि नाकतोडे मुबलक असतात तेव्हा होते. आपल्याकडून निघायला उशीर झाला तर तिथला टोळांचा हंगाम चुकायचा.

पक्षी इथून निघण्याची घटिका कशी ठरवतो, या प्रश्नाचं एक टोक आपल्या हातात आहे. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्याच्या शरीरातली संप्रेरकं बदलतात, तो जास्त खातो, चरबी साठवतो आणि एका रात्री उडतो. दिवसाची लांबी दरवर्षी त्याच तारखेला तेवढीच असते. पण जिथे जायचं तिथला वसंत आता लवकर येऊ लागला आहे. नेदरलँड्समधल्या एका छोट्या माशीमार पक्ष्यावर ख्रिस्तियान बोट आणि मार्सेल व्हिसर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. हा पक्षी पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढतो. त्याच्या पिलांचं खाणं म्हणजे ओकवरच्या अळ्या. उष्णता वाढल्याने अळ्यांचा बहर पुढे सरकला, पण पक्षी पूर्वीच्याच सुमाराला येत राहिला, कारण आफ्रिकेत बसून त्याला नेदरलँड्सची हवा कळायला मार्ग नव्हता. आपला थिरथिराही इथल्या कठड्यावर बसून तिबेटचा बर्फ वितळला की नाही हे पाहू शकत नाही. तो निघतो इथल्या दिवसमानावर. त्यामुळे तिकडच्या संशोधकाने आगमनाची तारीख कितीही काटेकोर टिपली तरी इथून तो कधी निघाला हे आपणच सांगू शकतो.

भारतात हे जाळं विणण्याचे प्रयत्न जुने आहेत. सालिम अलींच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात हजारोंनी कडी घातली. कड्यावर क्रमांक आणि "बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा" एवढा इंग्रजी निरोप कोरलेला असे. दूरच्या सायबेरियात कुणाला कडं सापडलं तर त्याने पत्र लिहावं, या भरवशावर सगळं काम चालत होतं आणि पत्रं येतही होती. त्याच सुमारास झफर फतेहअली यांनी पक्षिनिरीक्षकांसाठी एक वार्तापत्र सुरू केलं. आरंभी ते सायक्लोस्टाइल करून पोस्टाने जाई. त्यात मोठ्या शास्त्रज्ञाच्या लेखाशेजारी एखाद्या गावच्या हौशी माणसाचं चार ओळींचं टिपण छापलं जाई. २००७ मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून 'मायग्रंटवॉच' सुरू झालं. त्याने लोकांकडून निवडक स्थलांतरित पक्ष्यांच्या दोन गोष्टी मागितल्या: पहिल्यांदा कधी दिसला आणि शेवटी कधी दिसला. शेवटच्या तारखेला पहिल्या तारखेच्या बरोबरीचं स्थान देणारा हा उपक्रम मला म्हणूनच जवळचा वाटतो. पुढे 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३च्या अहवालासाठी ३०,००० हून जास्त निरीक्षकांच्या ३ कोटींहून जास्त नोंदी वापरल्या गेल्या. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल सांगता आला त्यांतल्या २०४ घटलेल्या आढळल्या. या नोंदींत कुठेतरी एखाद्या तालुक्यातल्या शिक्षिकेने एप्रिलच्या उन्हात भरलेली यादीही आहे.

नोंद खरी असावी लागते, आणि उशिराच्या नोंदींची परीक्षा कडक होते. मेमध्ये थिरथिरा लिहिला की ईबर्डवर सूचना येते: या काळात हा पक्षी इथे अपेक्षित नाही. मग स्थानिक स्वयंसेवक फोटो किंवा वर्णन मागतात. काहींना याचा राग येतो. तो येऊ नये, कारण थिरथिऱ्याच्या मादीला आणि चिरकाच्या मादीला चांगले चांगले फसतात. दोघी तपकिरी, दोघींच्या बुडाशी तांबूस रंग, दोघी भिंतीवर आणि दगडावर बसणाऱ्या. चिरक बारमाही इथलाच, त्यामुळे मेमध्ये दिसणारच. शेपटीकडे नीट पाहिलं की फरक कळतो. चिरकाची शेपटी काळपट आणि ती पाठीवर ताठ उभारलेली. तांबूस रंग फक्त शेपटीच्या खाली. थिरथिऱ्याच्या मादीची शेपटीच तांबूस, आणि बसल्या जागी ती सारखी थरथरत असते. "शेपूट उभी नव्हती, हलत होती" एवढं लिहिलं तरी तपासणाऱ्याचं निम्मं काम होतं. धूसर का होईना, ओळख पटवण्यापुरता एक रेकॉर्ड शॉट जोडला तर उत्तमच.

वसंतात सांगू नये असंही पुष्कळ असतं. याच महिन्यांत स्थानिक पक्ष्यांची घरटी असतात. शृंगी घुबडाची पिल्लं ओढ्याच्या कपारीत, पिंगळ्याची ढोलीत, स्वर्गीय नर्तकाचं वाटीएवढं घरटं डोक्याच्या उंचीवर. अशा घरट्याचं लोकेशन ग्रुपवर पडलं की दुसऱ्या दिवशी दहा गाड्या येतात. चांगला फोटो मिळावा म्हणून कुणी आडव्या येणाऱ्या दोन फांद्या वाकवतं, कुणी पानं तोडतं. सावली गेली की पिलांवर ऊन पडतं आणि कावळ्याला, भारद्वाजाला घरटं उघडं दिसतं. कुणी मोबाइलवर नराचा आवाज वाजवतं, आणि आपल्या हद्दीत दुसरा नर आला म्हणून घरट्यातला पक्षी खाणं सोडून त्याच्या मागे धावतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी नष्ट करणं किंवा त्यांना धक्का लावणं हे शिकारीच्या व्याख्येत येतं, हे बऱ्याच उत्साही मंडळींना ठाऊकच नसतं. ज्या जातींना पकडून विकण्याचा किंवा मारण्याचा धोका आहे अशा काहींची नेमकी ठिकाणं ईबर्ड स्वतःहून झाकतं. घरट्यांच्या बाबतीत हे काम आपल्यालाच करायचं आहे. पक्षी लिहावा, तारीख लिहावी, तालुका लिहावा. घरट्याचा पत्ता पिलं उडून जाईपर्यंत आपल्यापाशीच ठेवावा. मोठ्या ग्रुपवर नवख्यांना हे ठामपणे सांगणारं जाणतं माणूस असावं, आणि त्याला इतरांनी पाठिंबा द्यावा.

आता राहिले ते न जाणारे. मेच्या पहाटे ठाण्याच्या खाडीवर ओहोटीला गेलात तर चिखलात अजून रोहित पक्षी चरताना दिसतात. मुंबईतले बरेच रोहित पावसाच्या तोंडापर्यंत थांबतात आणि मग कच्छच्या रणाकडे वळतात. त्यांच्यात मिसळून काही तुतवार आणि चिखले असतात, जे सायबेरियाकडे निघून जायला हवे होते. यांतले बहुतेक मागच्याच वर्षी जन्मलेले, अजून वयात न आलेले. त्यांना या वर्षी वीण करायची नसते, म्हणून एवढा प्रवास करून तिकडे जायचं कारण नसतं. पूर्ण उन्हाळा ते इथेच काढतात. विणीच्या तांबूस रंगाऐवजी त्यांच्या अंगावर झिजलेली राखाडी पिसं असतात. अशी नोंद मे-जूनमध्ये आली तर तपासणाऱ्याने ती चूक म्हणून बाजूला टाकू नये आणि लिहिणाऱ्याने "उशिरापर्यंत राहिला" एवढंच लिहून थांबू नये. किती होते, पिसं कशी होती, थव्यात होते की एकटेदुकटे, हे लिहावं. किनाऱ्यावर राहणाऱ्या पक्षिमित्रांनी जूनमधली एखादी तरी ओहोटी यासाठी राखून ठेवावी. त्या महिन्यातल्या याद्या फार कमी असतात, आणि कोणता पक्षी खरंच गेला आणि कोणता आपल्यापाशीच उन्हाळा काढतोय हे त्यांच्यावाचून सांगता येत नाही.